माहेरचा कॉम्प्युटर

...आणि वर मलाच विचारतात, "काकी, एवढा जुना कॉम्प्युटर अजून कशाला ठेवलाय?" नाही, म्हणजे मला एक सांगा, एखादी वस्तू सतरा वर्षांची झाली की लगेच भंगार होते का? आमच्या देवघरातली समई माझ्या सासूच्या सासूची आहे, तिला कुणी भंगार म्हणत नाही, पाट्यावरवंट्याला म्हणत नाही, आमच्या ह्यांच्या स्वेटरला तर म्हणायची सोयच नाही, त्याची कोपरं दोनदा बदललीत मी, आता मूळच्या स्वेटरातला गळा तेवढा राहिलाय... पण कॉम्प्युटर दिसला रे दिसला की येणाऱ्या-जाणाऱ्याला शहाणपण सुचतं. गॅसची टाकी द्यायला आलेला माणूस, टाकी तशीच खांद्यावर, उंबऱ्यातून मान आत घालून म्हणतो, "काकी, हा भंगारात द्या." अरे बाबा, तू आधी टाकी खाली ठेव, खांदा मोडेल तुझा. तुम्हाला सांगते, जुना आहे, भंगार नाही. हे वाक्य मी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलंय की तेवढ्यात माझा एक जप पुरा झाला असता.

आता तो आला कुठून, ते आधी ऐका, म्हणजे मला राग का येतो ते कळेल. आमचं गाव किन्हवलीच्या अलीकडे, शहापूरही लांब, मुरबाडही लांब, दोघांच्या मधोमध टांगल्यासारखं. माझं माहेर मात्र भातसानगरला. म्हणजे मूळ माहेर नाही, पण माझा भाऊ देवरामदादा धरणावर नोकरीला, तो तिथे कॉलनीत राहतो, आणि भाऊ राहतो तेच माहेर, नाही का? तर ह्या दिवाळीत मी भाऊबीजेला गेले. ओवाळलं. दादा म्हणाला, "बोल, ओवाळणी काय घालू? दोन साड्या आणल्यात वहिनीने, त्यातली एक घे, पण तुला दुसरं काय हवं असंल तर सांग." आणि माझं लक्ष गेलं पलंगाखाली. दादाच्या मुलाने शिकायला होता तेव्हा घेतलेला कॉम्प्युटर, मुलगा पुण्याला जाऊन बायकापोरांचा झाला, आणि हा बिचारा पलंगाखाली, वहिनीच्या जुन्या लुगड्याखाली, चपलांच्या खोक्यांना टेकून बसलेला. मी म्हटलं, "दादा, तो दे."

दादा बघतच राहिला. वहिनी मात्र बघत नाही राहिली, तिने लगेच केरसुणी आणली, कॉम्प्युटर बाहेर आणि पलंगाखालचं झाडून मोकळी. जाताना दोन्ही साड्या दिल्या वर. दोन्ही.

आणला जीपमधून. डबा पायाशी, कीबोर्ड पिशवीत, आणि तो टीव्हीसारखा पडदा मांडीवर. जुन्यातला ना तो, पुढून पडदा आणि मागून हे एवढं पोट. रस्त्याची धूळ नको म्हणून मी वरून पदर घेतला. मधे एका फाट्यावर जीप बदलायची होती, दुसऱ्या जीपमध्ये जागा नाही, तर एक म्हातारी आपली उठली आणि मला म्हणते, "बस गो बाय, अशा दिवसांत उभी नको राहू." बावन्न वर्षं वय माझं. बसले. उतरेपर्यंत पदर काढला नाही, तिची जागा वाया गेली असं तिला वाटू नये म्हणून.

घरी आले तर आमचे हे ओटीवर विळ्याला धार लावत बसलेले. वर बघितलं आणि म्हणाले, "भाऊबीजेला लोकांच्या बायका साडी आणतात. तू टीव्ही आणलास, तोपण बिनचॅनलचा." मी म्हटलं, टीव्ही नाही, कॉम्प्युटर आहे. तर म्हणाले, "तुझ्या माहेरचा हाय म्हणजे चालत नसंल." बघा. म्हणजे इथून पुढे तो कॉम्प्युटर राहिला नाही, तो माझं माहेर झाला. तो बंद पडला की माझं माहेर बंद पडणार. आता तुम्ही सांगा, तुम्ही काय केलं असतं?

पण मी तो माझ्यासाठी नव्हता आणला हो. मला त्यातलं काय कळतं? आणला सारिकासाठी. सारिका माझी सून, मनोजची बायको. बारावीला अठ्ठ्याहत्तर टक्के, आणि हात एवढा चपळ की भाकऱ्या थापताना तव्यालाच दम लागतो. लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईने मला एकच विचारलं होतं, "पोरीला पुढं शिकायचं हाय, शिकवाल ना?" आणि मी देवासमोर हळदीच्या हाताने सांगितलं, शिकवीन. सांगितलं खरं, पण मग भूमिका झाली, मग भूमिकेला दात आले, मग भूमिकेला पाय फुटले, आणि शिकायचं राहून गेलं. आता भूमिका तीन वर्षांची. शहापूरला एका संस्थेच्या शाळेत ऑफिसात काम करायला बाई हवीय, ओळखीच्या मॅडमनी सांगितलं की जागा पुढच्या जूनला भरायची, अट एकच, मराठी टायपिंगचा दाखला हवा. मिनिटाला तीस शब्द. आधी तिसाचा, मग जमलं तर चाळिसाचा.

मागच्या वेळेला बसली होती ती परीक्षेला. सव्वीस झाले. चार शब्द कमी पडले. चार शब्द म्हणजे किती, सांगा बरं? "अगं भूमिका पडशील ना" हे चार शब्द. एवढं म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याने माझी सून नापास. आणि का झाली? सराव नाही. क्लासला जायचं तर शहापूर, जाऊन-येऊन अर्धा दिवस, पोर कडेवर. मनोज, म्हणजे माझाच मुलगा, गोडाउनात कामाला आहे वाशिंदच्या पुढे, स्वभावाने वाईट नाही, पण दमून येतो आणि दमलेलं माणूस शहाणं बोलत नाही. तो म्हणाला, "आई, ही शेवटची बारी. ह्या वेळेला नाय झाली तर परत फॉर्म भरायचा नाय. घरात काय कामं कमी हायत?" सारिका उठली. भांडी घासायला गेली. पण भांड्यांचा आवाज मला ऐकू येतो ना. मी वाड्यात... म्हणजे गोठ्यात हो, शेण काढत होते, तिथवर ऐकू आला.

तर म्हणून आणला. बसवला खिडकीखाली, खाली पाट, पाटाखाली चार बोटं रांगोळी, डब्यावर हळदकुंकू, नारळ वाढवला आणि बटण दाबलं. घुर्रर्र करून उठला. अर्धा कप चहा होईपर्यंत उठत होता, पण उठला. आणि वर काय दाखवतो? एक जानेवारी दोन हजार आठ, मंगळवार. रोज तेच. बंद करा, चालू करा, परत एक जानेवारी दोन हजार आठ, मंगळवार. त्याच्या हिशोबाने मनोज अजून आठवीत. सारिका म्हणाली, "आई, ह्याची आतली बॅटरी गेलीय, तारीख लक्षात राहत नाय." मी म्हटलं, राहू दे गो, मंगळवार गणपतीचा वार, रोज गणपतीच्या वारी अभ्यासाला बसायला कुणाच्या नशिबात असतं? जुना आहे, भंगार नाही.

आणि टायपिंगला लागतं काय त्याला? शिकवणी आत होती, माझ्या भाच्यानेच कधी घातलेली. नेट नको, फोटो नको, गाणी नको. सारिका सकाळची भाकरी झाली की बसायची. टकटक टकटक... तोच उतारा, 'नागरिकांची कर्तव्ये'. महिनाभरात मला नागरिकांची सगळी कर्तव्ये पाठ झाली, भूमिका तर झोपेत म्हणायची, "सार्वजनिक मालमत्तेचे जतन करावे." एकदाच माझ्याकडून चूक झाली. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, मी घट मांडला, आरती केली, आणि मनात आलं, हा पण घरातला, ह्यालाही नैवेद्य दाखवावा. कीबोर्डावर गूळ-खोबऱ्याची वाटी ठेवली. दुसऱ्या दिवशी 'प' आणि 'क' च्या मधून मुंग्यांची रांग. सारिका हात जोडून म्हणाली, "आई, नैवेद्य लांबूनच दाखवा. त्याला पोचतो." एका ब्रशने सगळं झाडलं तिने. 'प' तेवढा थोडा चिकट राहिला.

आणि मग थंडी पडली.

आमच्याकडची मार्गशीर्षातली थंडी म्हणजे सिद्धगडाकडून वारा सुटला की तेलाचा गोळा होतो. त्या सकाळी बटण दाबलं, घुर्र केलं, दिवा लागला, दिवा गेला. परत दाबलं, घुर्र, दिवा, गेला. दहा वेळा दाबल्यावर उठला. दुसऱ्या दिवशी वीस वेळा. तिसऱ्या दिवशी आमचे हे म्हणाले, "तुझा भाऊपण असाच हाय. हाक मारली तर हू म्हणतो, उठत नाय." परीक्षा दहा दिवसांवर. मी शहापूरहून साईनाथला बोलावला. साईनाथ कॉम्प्युटर दुरुस्त करतो, पोरगा सरळ, पण आला आणि डब्याकडे असा बघायला लागला की जसे आजारी माणसाकडे लांबचे पाहुणे बघतात. डबा उघडला. आतून पालीची दोन अंडी काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, "काकी, हा कशाला वापरता? ह्याचे पार्ट मिळत नायत. नवीन घ्या नायतर सोडून द्या."

मी म्हटलं, "साईनाथ, माझ्या सुनेची परीक्षा आहे. सोडून काय देऊ?"

तो बिचारा थांबला. मग परत वाकला, फुंकर मारली, काहीतरी हलवलं, आणि म्हणाला, "बघा, हा चालू असला की चांगला चालतोय. ह्याचा त्रास फक्त चालू होताना. मग परीक्षेपर्यंत बंदच नका करू."

बंदच नका करू. त्याने सहज म्हटलं हो, पण माझ्या अंगावर काटा आला. नवरात्रात आपण अखंड दिवा लावतो की नाही? दिवा विझू द्यायचा नाही, घर रिकामं सोडायचं नाही, दिव्याला एकटं टाकून सगळ्यांनी लग्नाला जायचं नाही. मी बोटांवर मोजलं. आज शनिवार, परीक्षा पुढच्याच्या पुढच्या सोमवारी, मधे बरोबर नऊ दिवस. नऊ. आता ह्याला मी काय समजायचं? मी तिथेच हातावर पाणी घेतलं आणि संकल्प सोडला की आईमाते, नऊ दिवस हा अखंड ठेवीन, सारिका पास झाली तर उद्यापनाला पाच सवाष्णींबरोबर ह्याचीही ओटी भरीन. आमचे हे ओटीवरून म्हणाले, "कॉम्प्युटर पुरुष हाय." मग मी म्हटलं, टोपी-उपरणं देईन. साईनाथने चहा अर्धा टाकला आणि गेला.

तर बसला अखंड कॉम्प्युटर. बटणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, म्हणजे कुणाचा हात जाणार नाही. घरात कुणीतरी हवंच, म्हणून मी दोन हळदीकुंकवं आणि एक बारसं चुकवलं. शेजारची गुणाबाई आली बघायला. गुणाबाई मनाची चांगली, फक्त तोंडातून ते बाहेर येत नाही. दारात उभी राहून म्हणते, "काय गो, कंप्युटरचा घट बसवलास म्हणं? माळ कितवी?" मी म्हटलं, चौथी. तर हळूच आत आली, चपला काढल्या, आणि जाता जाता डब्याला हात लावून नमस्कार केला. तिच्याही पोरीला, भागीला, दहावीत गणित आहे ना.

आणि तुम्हाला सांगते, चालला. शनिवार, रविवार, सोमवार... सारिकाचे शब्द अठ्ठावीस झाले, एकोणतीस झाले. गुरुवारी एकतीस. एकतीस झाल्यावर तिने मला येऊन सांगितलं नाही, पण त्या दिवशी भांड्यांचा आवाज अगदी हळू आला. आमच्या ह्यांना मी म्हटलंसुद्धा, बघा, माझं माहेर कसं धडधडतंय. जुना आहे, भंगार नाही.

आणि शुक्रवार उजाडला.

आता आमच्याकडे शुक्रवारी तारांची कामं निघतात, सकाळी दहाला लाइट जाते ती चारला येते, हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. शुक्रवारी कुणी दळण टाकत नाही, कुणी पंप लावत नाही. मी तिथी बघितली होती, नक्षत्र बघितलं होतं, राहुकाळ बघितला होता, दिनदर्शिकेचं पान उलटून मागच्या पाककृतीसुद्धा वाचल्या होत्या, आणि मी शुक्रवार विसरले. सारिका टायपिंग करत होती, मी वाल निवडत होते. टकटक टकटक, 'नागरिकांनी शेजाऱ्यांशी'... आणि फट. शेजाऱ्यांशी काय करायचं ते राहिलंच.

मी देवघरात जाऊन बसले. अखंड दिवा विझला की काय करतात ते मला माहीत आहे, परत लावतात, क्षमा मागतात. पण हा परत लागणार का? चारला लाइट आली. दहा वेळा दाबलं, वीस वेळा, चाळीस वेळा. घुर्र, दिवा, गेला. साईनाथला फोन केला तर तो कसाऱ्याला कुणाच्या कामाला गेलेला, मंगळवारी येतो म्हणाला. मंगळवार. परीक्षा सोमवारी.

मनोजला कळलं. तो ओरडला नाही, ते जास्त वाईट. म्हणाला, "आई, मी बोललो होतो ना. जाऊ दे आता. नको तिला उगाच आशा लावू."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सारिका कीबोर्ड मांडीवर घेऊन बंद पडद्यासमोर बसलेली. वायरही जोडलेली नाही. टकटक टकटक. काय उमटतंय ते दिसत नाही, बरोबर की चूक ते कळत नाही, शब्द किती झाले ते सांगायला कुणी नाही, आणि ती आपली सरळ पाठ करून 'नागरिकांची कर्तव्ये' लिहितेय. मी म्हटलं, "अगं, दिसत नाही तर कसं?" म्हणाली, "आई, बोटांना दिसतंय."

मी बाहेर जायला वळले. पण आमचे हे दारात उभे होते. महिनाभर त्या डब्याला ज्यांनी नावं ठेवली, ते. मग आत आले, डब्याला हात लावून बघितला आणि म्हणाले, "गारठलाय हा."

मी म्हटलं, "अहो, तो लोखंडाचा आहे."

"मग आपलं पाण्याचं इंजिन कसलं हाय? थंडीत ते तरी हाक मारल्यावर उठतं का? पेंढी पेटवून बुडाला धग देतो, मग उठतं. साईनाथ बोलला ना, चालू झाला की चालतो? का चालतो? गरम होतो म्हणून. थांब, पेंढी आणतो."

"अहो, माहेरचा आहे तो."

माझा आवाज असा निघाला असेल की ते थांबले. विचार करून म्हणाले, "बरं. मग ऊन दाखवू."

तर उचलला त्यांनी डबा, छातीशी धरून, आणि नेला अंगणात. गोणपाट अंथरलं. एका बाजूला माझे नाचणीचे पापड वाळत होते, दुसऱ्या बाजूला वाल, मधे कॉम्प्युटर. कोंबड्या येऊन बघून गेल्या. हे स्वतः काठी घेऊन राखणीला बसले, दर थोड्या वेळाने बाजू बदलायचे, पापडासारखी. गुणाबाई कुंपणावरून म्हणते, "काय ओ अनंतादादा, कंप्युटर वाळत घातलाव?" हे तोंड न हलवता म्हणाले, "वर्षाचा भरून ठेवतोय. तुमाला हवा का पायलीभर?"

साडेदहाला आत आणला. हाताला उबदार लागत होता, भूमिकेच्या अंगासारखा. सारिकाने वायरी जोडल्या. बटण मी दाबायचं असं तिचं म्हणणं. मी डोळे मिटले आणि दाबलं. घुर्र, दिवा... आणि दिवा राहिला. पडदा उजळला. एक जानेवारी दोन हजार आठ, मंगळवार. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी छताकडे बघितलं. माहेर माझं उठलं, पण उठवलं ह्यांनी, म्हणून त्या दिवशी मी टोमणा मारला नाही.

सोमवारी परीक्षा मुरबाडला, एका कॉलेजात. पहिल्या एसटीने गेलो, मी, सारिका आणि भूमिका. सारिका आत गेली आणि मी बाहेर कट्ट्यावर भूमिकेला शेंगा सोलून देत बसले. आसपास सगळ्या पोरी चांगल्या क्लासमधल्या, एकीच्या पिशवीत लॅपटॉप, दुसरीबरोबर वडील गाडी घेऊन. मला वाटलं, आपण ह्या लेकराला कशाच्या जिवावर आणलं? उन्हात वाळवलेल्या डब्याच्या? परीक्षा पाऊण तासाची म्हणाले होते. पाऊण तास झाला, कुणी नाही. एक तास झाला, कुणी नाही. दीड तासाने एक मुलगी रडत आली, मग दुसरी आली. मी उठून उभी राहिले. शेंगा सगळ्या सांडल्या. सगळ्यांच्या शेवटी सारिका, शांत. म्हणाली, "आई, आधी एसटी पकडू."

एसटीत सांगितलं. आत सगळे कॉम्प्युटर नवे, काळे, कागदासारखे सपाट. सगळ्या जणी बसल्या, आणि ते चालूच होईनात. म्हणजे कॉम्प्युटर चालू, पण परीक्षा उघडेना. परीक्षेचे सर म्हणाले, वरून अडकलंय, शांत बसा. पाच मिनिटं, दहा मिनिटं, चाळीस मिनिटं. पोरी घाबरल्या. कुणी बटणं दाबतंय, कुणी रडतंय, कुणाचे हात गार पडले. सारिकाच्या शेजारची म्हणाली, "ताई, तुमाला टेन्शन नाय येत?" सारिका म्हणाली, "आमचा रोज असाच करतो. उठंल." आणि तिने सरांना विचारलं, "सर, परीक्षा उघडेपर्यंत मी त्या खिडकीशी उन्हात बसू का?" सर म्हणाले, कशाला? तर म्हणाली, "हात तापवते." चाळीस मिनिटं माझी सून खिडकीत हातांच्या बाजू बदलत बसली. परीक्षा उघडली तेव्हा सगळ्यांची बोटं आखडलेली आणि हिची मोकळी. फक्त एक झालं, आमच्या कीबोर्डाची सवय, तिथला 'प' तिने एवढ्या जोरात दाबला की सर आले आणि म्हणाले, "मॅडम, हळू. टेबल हलतंय."

निकाल लागला. पास. मिनिटाला चौतीस. मनोजने फोनवर निकाल बघितला, दोनदा बघितला, आणि मग तो फोन घेऊन सारिकाकडे गेला, भांडी घासत होती ती, आणि तिच्या हातातलं पातेलं घेऊन स्वतः विसळायला लागला. नीट नाही विसळलं, साबण राहिला होता, पण मी नंतर गुपचूप परत धुतलं. उद्यापनाला टोपी-उपरणंही झालं. आणि सारिकाने चाळिसाचा फॉर्म भरला. ती परीक्षा मे महिन्यात, दाखला जूनच्या आत हातात, म्हणजे शहापूरच्या त्या जागेसाठी तिचं नाव इतरांच्या वर जाईल. मनोज आपणहून म्हणाला, "भर."

आता तुम्हाला वाटेल, झालं, गोष्ट संपली. माझीही तीच समजूत होती.

पण मनोज मुलगा चांगला, मी म्हटलं ना. त्याला लागलं मनाला. एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन आला. नवा. हलका इतका की भूमिकेने एका हाताने उचलला आणि तिघं एकदम ओरडली. म्हणाला, "सारिका, घे. आता आरामात बस. आणि आई, ते भंगार काढ आता तरी." उघडला की लगेच चालू. आजची तारीख, आजचा वार, सगळं बरोबर. मीही हळदकुंकू लावलं, म्हटलं, चला, दिवस फिरले पोरीचे.

सोमवारी सारिका बसायला गेली तर त्यावर मनोज. "जरा एवढी मॅच बघतो, चार ओव्हर राहिल्यात." मंगळवारी त्यावर भूमिका, ससा नि कासव नाचतायत, उचलला तर गाव गोळा होईल असं रडते. बुधवारी कोण असेल? आमचे हे. बैलांच्या शर्यती बघत. मागच्या वर्षीच्या, कुठला बैल जिंकला ते माहीत असलेल्या. "आमी काय रोज बघतो का?" गुरुवारी गुणाबाईची भागी, गणिताचं काहीतरी बघायला. आठवडाभरात सारिकाच्या वाट्याला तो किती आला? अकरा मिनिटं, तेही तो चार्जिंगला लावलेला असताना.

शनिवारी सकाळी भाकऱ्या झाल्यावर बघते तर तिने जुना डबा उचलला, अंगणात गोणपाटावर ठेवला, आणि बाजूला वाटाणे सोलत बसली. साडेदहाला आत नेला. टकटक टकटक. दोन तास. दोन तासांत एकाही माणसाने तिला उठवलं नाही. मनोज बाजूने गेला, बघितलं, पुढे गेला. भूमिका आली, त्यात ससा नाही म्हणून परत गेली. ह्यांनी त्यावर टेकवलेला आपला चष्मा तेवढा उचलला. आणि मला तेव्हा कळलं, बाई, सतरा वर्षांच्या कॉम्प्युटरचा खरा गुण कोणता. तो जोरात पळत नाही, त्याला तारीख कळत नाही, त्याला ऊन दाखवावं लागतं, पण घरात तो दुसऱ्या कुणाला नको असतो. सासरी आलेल्या बाईची स्वतःची अशी दुसरी कुठली वस्तू आहे का हो, जिला कुणी हात लावत नाही?

पण माझंच चुकलं. महिनाभर मी गावभर सांगत फिरले ना, जुना आहे, भंगार नाही, ह्याच्यावर माझी सून पास झाली. आता लोकांनाही पटलंय. परवा गुणाबाई आली, एकदम गोड आवाजात, "तुमच्याकडं आता नवीन आलाय, तर तो आमच्या भागीला द्याल का? लकी हाय तो." काल देवरामदादाचा फोन, नातवाला सुट्टीत काहीतरी शिकायला हवंय, "आपला तो आहे ना गो तुझ्याकडं? चालतोय ना चांगला?" आणि आज सकाळी आमचे हे म्हणतात, "त्यात शर्यती घालून देतात का गो कोणी? तो लॅपटॉप मेला मिळतच नाय."

परीक्षा मे महिन्यात आहे. सारिकाचे सदतीस झालेत. अजून तीन.

म्हणून मी देवाजवळ बसून ठरवलंय. दादाला सांगितलं, अरे, तो गेला कधीच. गुणाबाईला म्हटलं, आतून पाली निघतात, पोरीच्या जिवाला कशाला. ह्यांना म्हटलं, हात लावू नका, करंट मारतो. खोटं बोलायचं पाप लागतं मला ठाऊक आहे, म्हणून गुरुवारी बोलत नाही, गुरुवारी कुणी विचारलं तर पाणी प्यायला आत जाते. तेव्हा तुम्हालाही हात जोडून सांगते, ऐकलंत ते ऐकलंत, पण बाहेर कुणी विचारलं, काय हो, त्या काकींचा जुना कॉम्प्युटर अजून चालतो का, तर मेपर्यंत एवढंच म्हणा... भंगार आहे हो, अगदी भंगार.